भगव्यावर पांढरी अक्षरं आणि कॉन्ट्रास्टचं गणित

प्रश्न असा आहे: फोंडा तालुक्यातल्या एका देवस्थानाचं संकेतस्थळ करतोय. समितीला वरची पट्टी भगवी हवी, म्हणजे आरजीबीत (तांबडा, हिरवा, निळा) २५५, १५३, ५१, आणि तिच्यावर पांढरी अक्षरं. लाइटहाउसने (संकेतस्थळ तपासायचं साधन) कॉन्ट्रास्ट कमी म्हणून नापास केलं. मी स्वतः जावास्क्रिप्टमध्ये फंक्शन लिहिलं तर उत्तर १.४९ येतं, ब्राउझर मात्र २.१३ दाखवतो. खरं कोणाचं? शिवाय एचएसएलमध्ये (ह्यू म्हणजे रंगाची जात, सॅच्युरेशन म्हणजे भडकपणा आणि लाइटनेस, अशा तीन आकड्यांत) लाइटनेस खाली आणत गेलो की रंग तपकिरी होतो आणि समिती म्हणते, हा आमचा भगवा नव्हे. आता काय करू?

उत्तर: खरं ब्राउझरचं. पण तुमचं १.४९ आलं कुठून हे आधी बघू, कारण तपकिरीचं कोडंही तिथेच सुटतं.

तुमचं फंक्शन मी पाहिलेलं नाही, तरी आकड्यावरून अंदाज करता येतो. तुम्ही तिन्ही आकडे २५५ ने भागले, त्यांना ठरलेल्या वजनांनी गुणलं, बेरीज केली आणि ती थेट कॉन्ट्रास्टच्या सूत्रात टाकली. म्हणजे ०.२१२६ × १ + ०.७१५२ × ०.६ + ०.०७२२ × ०.२ = ०.६५६. पांढऱ्याचं ल्युमिनन्स, म्हणजे उजेडाचं माप, १. मग १.०५ ÷ ०.७०६ = १.४९. वजनं बरोबर, सूत्र बरोबर, फक्त मधली एक पायरी गळली.

आरजीबीतला आकडा हे उजेडाचं माप नाही. एसआरजीबी ही पद्धत एचपी आणि मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये मांडली आणि १९९९ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. तिच्यात ० ते २५५ हे आकडे वक्र रेषेवर बसवलेले आहेत, कारण आपल्या डोळ्यांना गडद छटांमधले फरक जास्त जाणवतात आणि आठ बिटांत बसवायचं तर तिकडे जास्त पायऱ्या द्याव्या लागतात. म्हणून १५३ हा २५५ च्या ६० टक्के असला तरी त्या चॅनेलमधून पडद्यावर येणारा उजेड ३२ टक्केच असतो. वजनांनी गुणण्याआधी हा वक्र सरळ करावा लागतो. २५५ ने भागल्यावर आलेली किंमत ०.०४०४५ किंवा त्याहून कमी असेल तर १२.९२ ने भागायचं. जास्त असेल तर तिच्यात ०.०५५ मिळवायचे, १.०५५ ने भागायचं आणि आलेल्याचा २.४ वा घात घ्यायचा. त्यानंतर ल्युमिनन्स (ल) आणि कॉन्ट्रास्ट:

ल = ०.२१२६ × तांबडा + ०.७१५२ × हिरवा + ०.०७२२ × निळा
कॉन्ट्रास्ट = (उजळ रंगाचा ल + ०.०५) ÷ (गडद रंगाचा ल + ०.०५)

जुन्या लायब्रऱ्यांमध्ये ०.०४०४५ च्या जागी ०.०३९२८ दिसेल. डब्ल्यूसीएजीच्या, म्हणजे संकेतस्थळं सगळ्यांना वापरता यावीत यासाठीच्या मानकाच्या, मजकुरातही २०२१ पर्यंत तोच आकडा होता. त्यावरून वाद घालणारे भेटतात, पण आठ बिटांच्या रंगांना त्याने काहीच फरक पडत नाही. १० ला २५५ ने भागलं की ०.०३९२ येतात, ते दोन्ही सीमांच्या आत. ११ चे ०.०४३१ होतात, ते दोन्हींच्या बाहेर. मधे कोणी नाहीच.

आता तुमचा भगवा पुन्हा मांडू. तांबड्याकडून ०.२१२६, हिरव्याकडून ०.२२७८, निळ्याकडून ०.००२४. बेरीज ०.४४३. १.०५ ÷ ०.४९३ = २.१३. ब्राउझरही हेच म्हणत होता.

इथे तुमच्या फंक्शनने कॉन्ट्रास्ट खऱ्यापेक्षा कमी दाखवला, म्हणून ‘चुकलं तरी सुरक्षित बाजूला चुकलं’ असं समजू नका. उलट बाजू तपासा. #७६७६७६ (आरजीबीत ११८, ११८, ११८) या करड्यावर काळी अक्षरं घेतली तर खरं उत्तर ४.६ आहे. तुमचं फंक्शन १०.२५ सांगेल. गडद अक्षरांना ते असे फुकटचे गुण वाटत सुटतं.

आणि राउंडिंग करू नका. साध्या मजकुराला पास व्हायला ४.५ लागतात. #७७७७७७ हा करडा पांढऱ्यावर ४.४८ देतो, म्हणजे नापास. एक पायरी गडद #७६७६७६ हा ४.५४ देतो आणि पास होतो. दाखवताना एक दशांश ठेवलात तर ४.४८ चे ४.५ दिसतात आणि अहवालात हिरवी खूण चढते. तुलना मूळ संख्येशी करा, राउंड फक्त दाखवण्यापुरतं.

आता तपकिरी.

एचएसएलमधला ‘एल’ हा उजळपणा नाही. तीन चॅनेलमधला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात छोटा आकडा घ्यायचा आणि त्यांची सरासरी काढायची, एवढाच तो आहे. कोणता चॅनेल मोठा आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. निव्वळ पिवळा आणि निव्वळ निळा, दोघांचाही एल ५० टक्के. पांढऱ्यावर पिवळ्याचा कॉन्ट्रास्ट १.०७, निळ्याचा ८.५९. एक दिसतच नाही, दुसरा खणखणीत. एचएसएलचा स्लायडर रंग निवडायला सोयीचा असेल, पण कॉन्ट्रास्ट सुधारायला तो वापरणं म्हणजे अंधारात चाचपडणं.

तुमचा भगवा एचएसएलमध्ये ३०, १००, ६० असा आहे. ह्यू तोच ठेवून एल ४० ला आणलात तर २०४, १०२, ० मिळतो आणि कॉन्ट्रास्ट ३.८४. अजून नापास. ३७ ला ४.४१. ३६ ला एकदाचा ४.६ होतो, तेव्हा रंग असतो १८४, ९२, ०. हा तपकिरीच आहे, समिती बरोबर बोलतेय. तपकिरी म्हणून वेगळा उजेड नसतोच. नारिंगीचा उजेड आजूबाजूच्या मानाने कमी झाला की डोळे त्याला तपकिरी म्हणतात.

वरची बेरीज परत बघा. भगव्यातला तांबडा पूर्ण २५५ असूनही ल्युमिनन्समध्ये ०.२१ ची भर घालतो, आणि १५३ चा हिरवा त्याच्याहून जास्त, ०.२३ घालतो. म्हणजे पांढऱ्या अक्षरांना खाणारा उजेड निम्म्याहून अधिक हिरव्याचा आहे. एचएसएलमध्ये एल ५० च्या खाली उतरवताना तुम्ही तांबडा आणि हिरवा एकाच प्रमाणात कापत होता. तांबडा फारसा न कापता हिरवा कापा. २३२, ९३, ४ ला ३.५ मिळतात. २१२, ६३, ० ला ४.६६. हा दुसरा रंग तपकिरी नाही, शेंदरी आहे. मारुतीच्या मूर्तीवर रोज पाहिलेला. समितीला तो परका वाटणार नाही, आणि ‘भगवा गडद केला’ म्हणण्यापेक्षा ‘शेंदरी घेतला’ म्हटलं तर बैठक लवकर आटपते.

माझं मत विचाराल तर दोन्ही पर्याय समितीपुढे ठेवा. पहिला, पट्टी शेंदरी २१२, ६३, ० आणि अक्षरं पांढरी. दुसरा, पट्टी त्यांचाच मूळ भगवा आणि अक्षरं काळपट तपकिरी ६१, २८, ०. त्याचा कॉन्ट्रास्ट ७.२ येतो, म्हणजे सगळ्यात कडक पातळीही, ७ ची, ओलांडली. मला दुसरा आवडतो. मूळ रंगाला हात लागत नाही आणि वाचायलाही तो जास्त बरा. पण भगव्यावर पांढरंच हवं असा हट्ट बहुतेक ठिकाणी असतो, म्हणून पहिला तयार ठेवायचा.

पट्टीवर फक्त देवस्थानाचं नाव मोठ्या अक्षरांत असेल तर नियम थोडा सैल आहे. २४ पिक्सेल किंवा त्याहून मोठा मजकूर, अथवा १८.६६ पिक्सेलपासून पुढचा ठळक मजकूर, याला ४.५ ऐवजी ३ पुरतात. तिथे २३२, ९३, ४ चालेल. तो भगव्याच्या बराच जवळचा आहे. नावाखालचा मेन्यू १५-१६ पिक्सेलचा असतो, त्याला ही सवलत नाही.

रंग हाताने शोधत बसायचं नसेल तर ओकेएलसीएच वापरा. ब्यॉर्न ओटोसन यांनी २०२० मध्ये ओकेलॅब ही रंग मोजायची पद्धत मांडली, तिचंच हे गोल रूप. यातला एल डोळ्यांना जाणवणाऱ्या उजळपणाच्या खूप जवळ जातो आणि २०२३ च्या मध्यापासून सगळ्या मोठ्या ब्राउझरांत तो सीएसएसमध्ये थेट लिहिता येतो. ह्यू आणि क्रोमा (भडकपणा) धरून ठेवायचे, शोधायची कक्षा दर वेळी निम्मी करत एल शोधायचा आणि ४.५ ला पोचणारा सगळ्यात उजळ रंग घ्यायचा. मात्र दोन गोष्टींना जपा. क्रोमा जास्त ठेवून एल उतरवला की रंग एसआरजीबीच्या बाहेर पडतो आणि ब्राउझर तो ओढून आत आणतो, मग तुम्ही तपासलेला रंग एक आणि दिसणारा दुसरा. म्हणून तपासणी नेहमी शेवटच्या, ० ते २५५ मध्ये पूर्णांक झालेल्या रंगाची करायची. आणि नारिंगीचा ह्यू पक्का धरलात तर इथेही तपकिरीच हाती येईल. ह्यू तांबड्याकडे थोडा सरकवायचा की नाही हा निर्णय माणसाचा.

४.५ हा आकडा आला कुठून, हे समितीतल्या ज्येष्ठांना सांगण्यासारखं आहे. साध्या नजरेला ३ पुरतात असं जुनी मानकं धरत होती. २०/४० नजर असलेल्याला (चांगल्या नजरेला चाळीस फुटांवरून दिसतं ते ज्याला वीस फुटांवरून दिसतं त्याला) साधारण दीडपट कॉन्ट्रास्ट लागतो, आणि ऐंशीच्या आसपासच्या माणसाची नजर सर्वसाधारणपणे तेवढी असते. तीन दिडे साडेचार. जत्रेच्या तारखा आणि महाप्रसादाची वेळ संकेतस्थळावर शोधणाऱ्यांत त्या वयाची माणसं किती असतील, हे त्यांना मी सांगायला नको.

सूत्रातले ते ०.०५ काय, असं कोणी विचारत नाही, पण गोव्यात काम करणाऱ्याने विचारावं. ते पडद्यावर बाहेरून पडणाऱ्या उजेडासाठी धरले आहेत, आणि ते ऑफिसातल्या उजेडाच्या हिशेबाने. दिवाडीच्या फेरीसाठी भर दुपारी धक्क्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या मोबाइलवर पडणारा उजेड त्याच्या किती तरी पट असतो. समजा ०.०५ च्या जागी ०.२५ घातले. काळ्या-पांढऱ्याचे २१ तिथे ५ होतात. पांढऱ्यावर #७६७६७६ चे ४.५४ उतरून २.९ वर येतात. तुमच्या भगव्यावर पांढऱ्याचे २.१३ मग १.८. म्हणून ४.५ हा तळ आहे. दर्शनाच्या वेळा, फोन नंबर, पोचायचा रस्ता, असं जे लोक बाहेर उभं राहून वाचतात त्याला मी ७ च्या खाली जाऊ देत नाही.

देवनागरीचं दुखणं आणखी वेगळं. मानकाने मोठ्या मजकुराची व्याख्या करताना चिनी, जपानी, कोरियन लिप्यांचा विचार केलाय, आपल्या लिपीचा उल्लेख नाही. आपल्याकडे वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार यांना जागा द्यावी लागते, त्यामुळे त्याच फॉन्ट साइझला अक्षराचं मुख्य अंग लहान पडतं. मेन्यूतलं ‘पंचांग’ १४ पिक्सेलवर बारीक वजनाच्या फॉन्टमध्ये ठेवून झूम करून बघा. दोन्ही अनुस्वार जेमतेम एक-दोन पिक्सेलचे असतात आणि कडा मऊ करताना ब्राउझर त्यांच्यात पार्श्वभूमीचा रंग मिसळतो. कागदावर ४.६ असलेला कॉन्ट्रास्ट त्या टिंबापुरता ४.६ राहिलेला नसतो. आकड्यांत तर गोंधळ पक्का: फिक्या रंगात, बारीक रेघेत १ आणि ९ एकमेकांसारखे दिसतात. आरती दुपारी १ ला की रात्री ९ ला, हे भाविकाने फोन करून विचारायचं का? मुक्तासारख्या फॉन्टमध्ये २०० पासून ८०० पर्यंत वजनं मिळतात. मजकुराला ४०० च्या खाली उतरू नका, वेळापत्रकाला ५०० द्या, आणि २४ पिक्सेलची सवलत देवनागरीला घेताना दोनदा विचार करा. हे नियमात नाही, माझ्या डोळ्यांचं मत आहे.

आता फंक्शनमध्ये लोक जिथे हमखास अडकतात त्या जागा. तीन अंकी हेक्समध्ये प्रत्येक अंक दुप्पट होतो, #९६३ म्हणजे #९९६६३३. त्याला #०९०६०३ समजलात तर जवळजवळ काळा मिळेल. आणि रंगाची नावं, एचएसएल, ओकेएलसीएच, जे काय सीएसएसमध्ये लिहिलं असेल त्याचं पार्सिंग स्वतः करत बसू नका. एक पिक्सेलचा कॅनव्हास घ्या, तो रंग त्यात भरा आणि पिक्सेल परत वाचा. ब्राउझर आयते चार आकडे हातात देतो.

चौथा आकडा अल्फा, म्हणजे रंग किती अपारदर्शक ते, आणि खरी गंमत तिथे आहे. अर्धपारदर्शक रंगाला स्वतःचा कॉन्ट्रास्ट नसतो. आधी तो पार्श्वभूमीवर मिसळावा लागतो: प्रत्येक चॅनेलसाठी वरचा रंग × अल्फा + खालचा रंग × (१ − अल्फा). हे मिसळणं ब्राउझर नेहमीच्या वक्र आकड्यांवरच करतो, म्हणून तुम्हीही सरळ करण्याआधी मिसळा. उदाहरण घ्या. ५४ टक्के काळा हा दुय्यम मजकुराला सर्रास वापरला जातो. पांढऱ्यावर तो ११७, ११७, ११७ होतो आणि ४.६ ने पास. तोच सीएसएसचा क्लास उचलून मलई रंगाच्या, २५५, २३५, २०० च्या चौकटीत टाका: अक्षरं ११७, १०८, ९२ होतात आणि कॉन्ट्रास्ट ४.४३. सीएसएसची एक ओळही बदलली नाही आणि नापास. देवस्थानांच्या संकेतस्थळांवर मलई रंगाच्या चौकटी किती असतात ते तुम्हाला माहीत आहेच.

मागे फोटो असेल तर सगळ्यात वाईट पिक्सेल धरायचा. मंगेशीच्या सात मजली दीपस्तंभासारख्या पांढऱ्याशुभ्र वास्तूच्या फोटोवर पांढरी अक्षरं ठेवणार असाल तर खाली निव्वळ पांढरं आहे असंच समजा. मधे काळा पडदा किती हवा? तेच उत्तर, ५४ टक्के. पांढऱ्यावर तो ११७ चा करडा करतो आणि त्यावर पांढऱ्याला ४.६ मिळतात. याहून कमी पडदा टाकायचा तर फोटो बदला, नाहीतर अक्षरं फोटोखाली आणा. अॅक्स हे तपासणीचं साधन किंवा लाइटहाउस इथे मदत करणार नाहीत. मागे चित्र किंवा ग्रेडियंट असला की अॅक्स ‘माणसाने बघावं’ म्हणून सोडून देतो, आणि ते सोडलेलं कोणी वाचत नाही.

मजकुराबाहेरचं थोडक्यात. २०१८ च्या डब्ल्यूसीएजी २.१ पासून फॉर्ममधल्या रकान्यांच्या कडा, चिन्हं आणि कीबोर्डने फिरताना दिसणारी चौकट यांनाही ३ लागतात. लोगो आणि बंद असलेली बटणं यांना सूट आहे. रकान्यातल्या फिक्या सूचनेला सूट नाही, तरी सगळे ती फिकीच ठेवतात. आणि भक्तनिवासाच्या खोल्यांचं कॅलेंडर करणार असाल तर भरलेली खोली तांबडी आणि रिकामी हिरवी एवढ्यावर थांबू नका. हे दोन रंग वेगळे न दिसणारे पुरुष प्रत्येक गावात असतात. खोलीच्या चौकटीत ‘भरली’, ‘रिकामी’ असं लिहा. क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये रेंडरिंग टॅबवर रंगांधळेपणाची नक्कल करता येते. समितीच्या बैठकीत ती एकदा दाखवा, पुढचं बोलावं लागणार नाही.

कोणी म्हणालं की हे सगळं सरकारी संकेतस्थळांपुरतं आहे, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं ४६ वं कलम दाखवा. सेवा देणारा सरकारी असो वा खासगी, दोघांनाही त्यात धरलं आहे. पणजीत २०२३ च्या जानेवारीत पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव पहिल्यांदा झाल्यापासून हा विषय गोव्यात अनोळखीही राहिलेला नाही.

गडद थीम करायची असेल तर एक इशारा. हे सूत्र अक्षर आणि पार्श्वभूमी यांची अदलाबदल केली तरी तेच उत्तर देतं, डोळे देत नाहीत. दोन गडद रंगांच्या जोडीला ते उदारपणे गुण देतं. कॉन्ट्रास्ट मोजायची एपीसीए नावाची नवी पद्धत या बाबतीत जास्त शहाणी आहे, पण मानकाची पुढची आवृत्ती, डब्ल्यूसीएजी ३, अजून मसुद्यातच आहे, त्यामुळे अहवालात जुनाच आकडा लिहावा लागतो. गडद थीमपुरता मी दोन्ही आकडे बघतो आणि जो कडक असेल तो पाळतो.

शेवटी तुमचं फंक्शन. ते फेकू नका, दुरुस्त करा आणि बिल्डमध्ये, म्हणजे संकेतस्थळ आपोआप तयार होतं त्या पायरीत, बसवा. रंग पन्नास फायलींत विखुरलेले असतील तर आधी ते सीएसएसच्या व्हेरिएबलांमध्ये एका जागी आणा, मग कोणता रंग कोणत्या रंगावर बसतो याच्या जोड्या एका यादीत लिहा आणि प्रत्येक जोडीसमोर ३, ४.५ की ७ ते लिहा. एखादी जोडी नापास झाली की बिल्ड थांबलं पाहिजे. होव्हर आणि फोकसचे रंग यादीत घालायला विसरू नका, सगळ्यात आधी तेच घसरतात. फंक्शनची स्वतःची परीक्षा घ्यायला एवढ्या जोड्या पुरतात: काळा-पांढरा बरोबर २१, कोणताही रंग स्वतःवर बरोबर १, पांढऱ्यावर #७७७७७७ चे ४.४८, #७६७६७६ चे ४.५४ आणि निव्वळ निळ्याचे ८.५९, तुमच्या भगव्यावर पांढऱ्याचे २.१३, आणि मलईवरच्या ५४ टक्के काळ्याचे ४.४३. शेवटची जोडी बरोबर आली तर अल्फाचं मिसळणं योग्य जागी झालं असं धरायला हरकत नाही.